परबकाकांचे सात सेकंद

सोनू परबांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी ती उजेडाकडे धरत. मग ती लग्नाची पत्रिका असो, रेशनचा तांदूळ असो, नाहीतर नुकतंच जन्मलेलं मूल. मूल उजेडाकडे धरलेलं मी स्वतः पाहिलंय, खोतांच्या धाकट्या मुलाच्या बारशाला. काकांनी पोराला दोन्ही हातांत घेतलं, खिडकीकडे तोंड केलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाले, "पास. डाव्या कानाकडे जरा कमी आसा, पण पास." खोतवहिनी पुढचा आठवडाभर पोराचा डावा कान मोजत होत्या.

त्यांचं कामच ते. लालबागच्या एका गिरणीत, फोल्डिंग खात्यात ते कापड तपासायचे. सगळ्या खात्यांतून फिरून तयार झालेलं कापड शेवटी त्यांच्या टेबलावर यायचं. ते ताणून खिडकीच्या उजेडात धरायचं, कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय, कुठे वीण विरळ झालीय ते हेरायचं आणि तिथे खडूने खूण करायची. निर्दोष माल पास, जरा खोट असलेला सेकंड, आणि अगदीच वाया गेलेला फेंट, म्हणजे तुकडे करून काढून टाकायचा. अठरा वर्षं हे केल्यावर काकांनी सगळ्या जगाचे हेच तीन ढीग केले होते. माझा बारावीचा निकाल सेकंड. चाळीचा मालक फेंट. बायकोला त्यांनी कुठल्या ढिगात टाकलं होतं ते कळलं नाही, पण "माझ्या हातच्या कालवणाला ह्या माणसाने कधी पास म्हटलेलं नाय," असं परबकाकी नळावर सगळ्यांना सांगत.

आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले त्याला निमित्त झालं 'मागमूस'चं. आमच्या तरुणपणीची ही गुप्तहेर मालिका गेल्या वर्षी नव्याने आली आणि आमच्या माणसांच्या अंगात एकदम परीक्षक संचारले. आमची चाळ पडून करी रोडला टॉवर उभा राहिला त्याला बरीच वर्षं झाली. अर्धी माणसं त्यात राहिली, बाकीची वडाळ्याला, अँटॉप हिलला पांगली. पण मोबाइलवर 'आपली जुनी चाळ' नावाचा ग्रुप आहे आणि तिथे सगळे अजून एकमेकांच्या दारात उभे असतात. नव्या मालिकेचा पहिला भाग चाळीस मिनिटांचा होता. तो आला आणि सातव्या मिनिटाला ग्रुपवर पहिलं मत पडलं, "जुन्याची सर नाही." लिहिणारा मुलगा जुनी मालिका लागायची तेव्हा जन्मलाही नव्हता.

मग रांगच लागली. पार्श्वसंगीताने डोकं उठलं. डिटेक्टिव्ह दाभोळे फार तरुण आहे. दाभोळेची बायको फार गोरी आहे. एकीला मालिका काही समजली नाही, पण ब्लाऊजचे नमुने तिने फोटो काढून पाठवले. अँटॉप हिलच्या एका जावयाने सगळे भाग दुप्पट वेगाने पाहिले आणि मालिका संथ आहे असं कळवलं. आणि सगळ्यात जास्त आग लागली ती बुटांवरून. जुन्या मालिकेतले डिटेक्टिव्ह दाभोळे कुठल्याही घरात शिरताना बूट उंबऱ्याबाहेर काढत. आत प्रेत पडलेलं असलं तरी. "घर ते घर," असं म्हणत आणि पायमोज्यांवर प्रेताभोवती फिरत. नवा दाभोळे पांढरे बूट घालून थेट दिवाणखान्यात गेला. "हेच का आपले संस्कार?" असं ज्या बाईंनी लिहिलं, त्यांच्या घरी खून झाल्यासारखाच आक्रोश होता. ज्याचा मालिकेत खून झाला त्या म्हाताऱ्याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही.

या सगळ्यांचं मत म्हणजे वेळ घालवणं. परबकाकांचं तसं नव्हतं. जुन्या 'मागमूस'च्या चौथ्या भागात ते स्वतः होते, सात सेकंद आणि पाठमोरे. आणि त्या सात सेकंदांनी त्यांना जन्मभराचा संपफोड्या करून ठेवलं होतं.

माझे बाबा, केशव राऊळ, त्याच गिरणीत साचेखात्यात होते. म्हणजे बाबा कापड विणायचे आणि काका त्यात खोट काढायचे, आणि हीच त्यांची मैत्री. "आज तुझ्या ताग्यात तीन खुणा केलंय, केशव," असं काका जिन्यातूनच ओरडत येत, आणि बाबा म्हणत, "चौथी तुका दिसाक नाय, आंधळ्या." संप सुरू झाला तेव्हा दोघेही पहिल्या दिवसापासून गेटवर. गिरणी बंद, तरी पहाटे पाळीच्या वेळेला दोघे उठत, दाढी करत आणि गेटसमोर जाऊन उभे राहत. कोणी आत जात असेल तर त्याला हात जोडायचे, ऐकलं नाही तर त्याच्याकडे नुसतं बघायचं, एवढंच काम. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. संप मोडला असं कोणी कबूल करेना आणि चालू आहे असं छातीठोक सांगायलाही कोणी धजेना. मुकादम येऊन गेला, धमक्या आल्या, चूल दोनदाची एकदा झाली. काही जण पोलिसांच्या गाडीतून आत जायला लागले, त्यांच्या बळावर एखादं खातं तेवढं चालायचं. बाबा आणि काका गेले नाहीत.

पण काकांच्या डोळ्यांना काम उरलं नव्हतं, आणि ते फार वाईट. दोन वर्षांत त्यांची चाळीतल्या प्रत्येक भिंतीची भेग, प्रत्येक बाईच्या साडीचा फॉल आणि प्रत्येक पोराच्या पाढ्यातली चूक हेरून झाली होती. अशा वेळी 'मागमूस' सुरू झाली. चाळीत टीव्ही एकच, खोतांकडे. खोत गोदीत कारकून, त्यांच्याकडे संप नव्हता, त्यामुळे टीव्ही होता आणि संपाबद्दलची मतंही सगळ्यांत कडक होती. शनिवारी संध्याकाळी त्यांची खोली भरायची आणि काका पुढच्या रांगेत बसून मालिका तपासायचे.

"छत्री बघ, छत्री! आता भिजलेली, आता सुकी." "घड्याळात साडेचार आणि सावली सकाळची. सेकंड!" खोत वैतागून म्हणायचे, "सोन्या, खुनी कोण ता बघ मरे!" काकांना खुनी कोण याच्याशी देणंघेणं नसायचं. खुनी सापडल्याच्या आनंदात सगळे उठले की ते विचारायचे, "पण त्याच्या सदऱ्याचं दुसरं बटन खंय गेला?"

माझं अक्षर बरं, आणि मी तेव्हा दादरला टायपिंगच्या क्लासला जायचे. त्यामुळे सोमवारी काका पोस्टकार्ड घेऊन माझ्यासमोर. "लिही. माननीय महोदय, सप्रेम नमस्कार. आपली मालिका उत्तम आहे. त्यात पुढील चुका आहेत." आणि मग एक ते अकरा. टीव्हीवर प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवायचा एक कार्यक्रम असे. एकदा खरोखर काकांचं पत्र निघालं. निवेदिका गोड हसून म्हणाली, "लालबागहून सोनू परब लिहितात, आपली मालिका उत्तम आहे." आणि तिने पत्र खाली ठेवलं. चाळीत टाळ्या पडल्या. काकांचा चेहरा मात्र मेल्याहून मेल्यासारखा झाला होता. अकरा चुका गाळून त्यांनी केलेलं कौतुक तेवढं साऱ्या महाराष्ट्राला ऐकवलं, याहून मोठा त्यांचा अपमान कोणी केला नसेल. पुढचं पोस्टकार्ड त्या निवेदिकेवर गेलं.

अशात एक दिवस 'मागमूस'वाल्यांनाच आमच्या गिरणीत चित्रीकरण करायचं होतं. बहुतेक बंद पडलेली गिरणी, मालकाची परवानगी, खुनाला जागा चांगली. त्यांचा एक माणूस चाळीत आला. मागे कामगार म्हणून दोन-चार खरे लोक उभे राहिले तर बरं दिसेल, म्हणाला. तो आधी आमच्याकडे आला. बाबांनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "संप आसा. खोटाखोटासुद्धा आत येवचंय नाय." माणूस चार दारं फिरला, सगळीकडून हात हलवत परत गेला. काकांनीही नाही म्हणूनच सांगितलं होतं, हे मी ऐकलंय.

चित्रीकरणाच्या दिवशी दोघे नेहमीसारखे गेटवर. दुपारी बाबा रेशनच्या रांगेत गेले. फोल्डिंग खात्याची मोठी खिडकी गेटमधून दिसायची. काकांनी आत पाहिलं. भाड्याने आणलेली कुठली कुठली मुलं कामगारांचे कपडे घालून टेबलापाशी उभी होती आणि त्यांनी कापड उलटं धरलं होतं. सुलट बाजू खाली, आणि ताणायचं सोडून धुणं वाळत घालावं तसं लोंबकळत. काका गेटबाहेरून ओरडले, "उलटा! उलटा धरलास, रे!" कोणी लक्ष दिलं नाही. ते आणखी ओरडले. त्या मुलांनी हात हलवून दाखवला, त्यांना वाटलं कोणी चाहता आहे.

आणि सोनू परब आत गेले. ज्या माणसाला दोन वर्षं मुकादम आत नेऊ शकला नाही, पोलीस नेऊ शकले नाहीत, रिकामं पोट नेऊ शकलं नाही, तो माणूस चुकीच्या बाजूने धरलेल्या ताग्यासाठी गेट ओलांडून गेला. नुसतं "असा धरा" एवढं दाखवून परत यायचं होतं, असं ते पुढे मला म्हणाले. पण त्यांनी धरलं तेव्हाच दिग्दर्शकाने कॅमेरा चालू केला.

घरी येऊन हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला वाटतं, तो तुकडा मालिकेत वापरणार नाहीत अशी त्यांची समजूत होती. तो भाग लागला त्या शनिवारी ते नेहमीच्या जागी, पुढच्या रांगेत बसले. शेजारी बाबा. पडद्यावर आमच्या गिरणीचं गेट आलं तेव्हा खोली गलबलली. गेटवर आमचे झेंडे दिसत होते, खरे. "आपलो गेट! आपलो गेट!" मग दाभोळे आत शिरले, फोल्डिंग खात्यात आले, आणि खिडकीपाशी एक पाठमोरा माणूस उभा होता. त्याने कापड उचललं, ताणलं आणि उजेडाकडे धरलं.

तोंड दिसण्याची गरजच नव्हती. तसं धरणारा साऱ्या गिरणगावात एकच माणूस होता. खोतच आधी बोलले. "सोन्या, हो तू मा रे?"

काकांनी मान हलवली. ते बाबांकडे वळले. "केशव, ती पोरां कापड उलटा धरून उभी होती रे. माका बघवला नाय."

बाबांनी एवढंच विचारलं, "तू आत गेलंस?" आणि उत्तराची वाट न बघता उठून गेले. त्यानंतर बाबा अकरा वर्षं जगले. आमच्या आणि परबांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती, भांडं पडलं तरी पलीकडे कळायचं, पण बाबा त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. माझे वडील मला फार प्रिय होते आणि तरी सांगते, हे त्यांनी वाईट केलं.

चाळीने तर खटलाच भरला. कापड खोटं, काम खोटं, मजुरी म्हणून फक्त एक कप चहा, तर हा संप फोडणं होतं का? कॉमन गॅलरीत पंधरा दिवस चर्चा चालली. निकाल असा लागला की होतं. निकाल देणाऱ्यांत खोत पहिले, ज्यांनी आयुष्यात संप पाहिला तो गच्चीवरून. दुसरे तिघे असे होते की ते तोपर्यंत पोलिसांच्या गाडीतून खरोखर कामावर जायला लागले होते. "आमी आत गेलो ता पोटासाठी," त्यातला एक म्हणाला, "ह्यो टीव्हीसाठी गेलो." पुढे वर्षा-दोन वर्षांत निम्मी चाळ जमेल तिथे कामाला लागली, कोण कधी आत गेलं ते सगळे सोयीस्कर विसरले. काकांचं मात्र चित्रीकरण झालेलं होतं. दर दोन-तीन वर्षांनी 'मागमूस' पुन्हा दाखवायचे, आणि चौथा भाग लागला की नवीन पोरांना काकांची पाठ दाखवली जायची. "ती बघ, संपफोड्याची पाठ."

तेव्हापासून काकांच्या पोस्टकार्डांवर बाकी चुका बंद झाल्या. एकच चूक राहिली. मी नोकरीला लागले होते, दादरच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ते येत, कारण बाबांच्या देखत मी लिहू शकत नव्हते. "माननीय महोदय, भाग चौथा. गेटवर संपाचे झेंडे आहेत आणि आत एक कामगार कापड तपासतो आहे. या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकत नाहीत. तरी सदर दृश्य काढून टाकावे." खाली नाव 'एक प्रेक्षक'.

मी एकदा म्हटलं, "काका, तो माणूस तुम्हीच की."

"म्हणून तर खात्रीने सांगतोय ना," काका म्हणाले.

गिरणी काही पुन्हा पुरती सुरू झाली नाही. काकांना दादरला एका साड्यांच्या दुकानात काम मिळालं आणि आठव्या दिवशी गेलं, कारण गिऱ्हाइकाने पसंत केलेली साडी ते दारापर्यंत नेऊन उजेडात धरत आणि "बाई, ही घेऊ नका," म्हणत. मालकाने त्यांना हात जोडले. मग वडाळ्याच्या एका गोदामात ते गठ्ठे मोजायला लागले. गठ्ठ्यांच्या आत काय आहे ते बघायचं नाही, अशी अट होती, आणि त्या अटीखाली त्यांनी उरलेली नोकरी काढली. त्या काळात ते माझ्याशीही कमी बोलत. बाबा गेले त्या दिवशी काका गॅलरीच्या टोकाला कठड्याला धरून उभे होते. पुढे या, खांदा द्या, म्हणून मी स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "तो माझ्याशी बोलाक नाय, सुमे. तेच्या मनात नसताना कसो खांदो देव?" मी फार रडले ती त्या उत्तराने.

तर नवी 'मागमूस' आली तेव्हा काका ऐंशीला टेकले होते. काकी गेलेल्या, मुलगी बदलापूरला, आणि ते टॉवरच्या नवव्या मजल्यावर एकटे. मी चौदाव्यावर. निर्मात्यांनी कुठेतरी मुलाखत दिली की जुन्या मालिकेतले काही अजरामर शॉट्स आम्ही जसेच्या तसे ठेवलेत, आणि उदाहरण म्हणून सांगितलं, 'गिरणीतला तो पाठमोरा कामगार'. खोतांनी ही बातमी ग्रुपवर टाकली. बोलून टाकली. खोत आता ऐंशीच्या पुढे, टाइप करता येत नाही, म्हणून ते सगळी मतं आवाजात पाठवतात, मध्ये खोकतात तेही जातं. "अभिनंदन, सोन्या! तुझी पाठ अजरामर झाली!"

काका जिन्याने वर आले. लिफ्ट होती तरी जिन्याने. धापा टाकत खिशातून कार्ड काढून म्हणाले, "पोस्टकार्ड हाडलंय." पोस्टकार्ड आता चालत नाही, मालिकेच्या पानाखाली प्रतिक्रिया लिहायची असते, हे त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली. शेवटी मी तेच जुनं वाक्य टाइप केलं. झेंडे आणि कामगार एका वेळी खरे असू शकत नाहीत, तरी दृश्य काढावे. दोन मिनिटांत उत्तर आलं, "तुमचा प्रतिसाद आमच्यासाठी मोलाचा आहे!" आणि पुढे एक लाल बदाम. काकांनी मोबाइल खिडकीपाशी नेऊन तो बदाम बराच वेळ पाहिला. "ह्याचो अर्थ काय, काढतले की ठेवतले?" त्यांनी विचारलं.

चौथा भाग आला त्या दुपारी मी काकांना माझ्याकडेच बोलावलं. त्यांच्याबरोबर अशी बसले ती त्या दुपारी शेवटची, पुढच्या महिन्यात ते मुलीकडे गेले आणि तिथेच वारले. खोतांना मी बोलावलं नव्हतं, ते आले. नातवाने त्यांना खुर्चीत बसवून दिलं आणि तो निघून गेला. दोघे म्हातारे शेजारी शेजारी बसले. चाळीस वर्षांत खोतांनी त्यांना टोमणा मारायची एक संधी सोडली नव्हती, आणि आता दोघांशी बोलायला एकमेकांशिवाय कोणी उरलं नव्हतं.

गेट आलं. तेच गेट, कुठल्यातरी स्टुडिओत बांधलेलं, नवा रंग लावून मग मुद्दाम खरवडलेला. दाभोळे पांढऱ्या बुटांसकट आत गेला. मोठी खिडकी आली आणि खिडकीपाशी पाठमोरा माणूस. व्यायामशाळेत कमावलेली रुंद पाठ, घामाने चमकणारी, बनियन फाटकं पण बेतून फाडलेलं. त्याने तागा उचलला आणि उजेडाकडे धरला. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस सुरू झाला. 'वा! तोच शॉट! अंगावर काटा!' ज्यांनी पहिल्या दिवसापासून मालिकेला शिव्या घातल्या होत्या तेही विरघळले.

"उलटा धरलान," खोत म्हणाले. त्यांनाही कळलं.

काका मात्र कापडाकडे बघतच नव्हते. "झेंडे खंय?" त्यांनी विचारलं.

मी दृश्य मागे नेऊन पुन्हा लावलं. गेटवर झेंडे नव्हते. फलक नव्हता, समोर उभं असलेलं कोणी नव्हतं. दाभोळे विचारतो, "हा कारखाना बंद का पडला?" आणि त्याचा सहायक सांगतो, "लॉसमध्ये गेला, सर. काळ बदलला." एवढंच. चाळीस मिनिटांत संप हा शब्द एकदाही आला नाही. चाळीस वर्षं काकांनी विचारलं होतं की झेंडे आणि कामगार एका वेळी खरे कसे. यांनी झेंडे काढून टाकले होते. चूक दुरुस्त झाली होती.

खोत हसायला लागले. "सुटलंस रे, सोन्या! संपच झालो नाय, तर तू फोडतलंस काय? आजपासून तू मोकळो!"

मलाही क्षणभर वाटलं की हा माणूस आता हसेल. काका हसले नाहीत. ते एवढे चिडलेले मी कधीच पाहिले नव्हते, टोमणे खाताना नाही, बाबा उठून गेले तेव्हाही नाही.

"सुमे, लिही," ते म्हणाले. "माननीय महोदय. भाग चौथा. ह्या गिरणीत संप झालेला. ती लॉसमध्ये गेली नाय, आम्ही बाहेर उभे होतो. जुन्या भागातला पाठमोरा माणूस मी. सोनू गणू परब, फोल्डिंग खातं. संप चालू असताना मी गेटच्या आत गेलो. ती चूक माझी आहे. ती पुसायचा अधिकार तुम्हाला नाही."

मी लिहिलं. खोत हसायचे थांबले होते. मी सवयीने खाली 'एक प्रेक्षक' टाकणार तेवढ्यात काकांनी माझा हात धरला.

"थांब. अजून लिही. केशव राऊळ, साचेखातं. ह्यांना पण चित्रीकरणाक बोलावलेलं. हे आत आले नाहीत. एक दिवससुद्धा नाहीत. म्हणून हे तुमच्या कुठल्याच भागात दिसत नाहीत."

बाबांचं नाव मला नीट टाइप करता येईना. दोनदा चुकलं. काकांनी घाई केली नाही. शेवटी लिहून झालं, मी ते वाचून दाखवलं आणि पाठवलं. तिघेही त्या मोबाइलकडे बघत बसलो. आधी एक बदाम आला. मग कोणीतरी लिहिलं, 'काका, पुढची स्टोरी आधी सांगू नका प्लीज.' आणि मग आणखी एकाने विचारलं, 'केशव राऊळ कोण?'

"काय म्हणतत?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं.

"जावंदे, सोन्या," खोत म्हणाले, एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "ह्या पोरांका काय कळतला?"

काकांनी आपली खुर्ची फरफटत माझ्याजवळ आणली. "म्हायत नाय म्हणून तर विचारतत," ते म्हणाले. "बसलीस काय? लिही, मी सांगतंय."